पाच किलोच्या कुत्र्याला घरच्या घरी काय द्यावं, काय नाही?

चौथा_मजला
शिझू जातीचा नर, ४ वर्षं, वजन ५.२ किलो. लसी वेळच्या वेळी, जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. पाऊस सुरू झाल्यापासून तीन तक्रारी आलटून पालटून येतायत. दर आठ-दहा दिवसांनी पातळ शी होते, एक दिवस टिकते. त्यातही खातो, खेळतो. पंजे सतत चाटतो, बोटांच्या बेचक्यात लाल झालंय आणि आंबूस वास येतो. आणि मधूनच मान ताणून, घर्र घर्र आवाज करत नाकाने श्वास आत ओढतो. अर्ध्या मिनिटात थांबतं.

बिल्डिंगमधून आलेले सल्ले: हळदीचं दूध, गोचिडांसाठी कापूर घातलेलं खोबरेल, अंग गरम लागलं तर पाव क्रोसिन, कानात कोमट तेल. दरवेळी डॉक्टर गाठणं जमत नाही, पण भलतंच काही पोटात जायला नको. प्रमाण सांगाल का? "थोडंसं द्या" असं सगळेच सांगतात. थोडंसं म्हणजे किती चमचे?

खारा_वारा
आधी क्रोसिनचं. पाव नाही, अर्धी नाही, चाटवायचीसुद्धा नाही. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी ५ किलोच्या कुत्र्याला म्हणजे किलोमागे १०० मिलिग्रॅम, आणि तिथून यकृताला इजा सुरू होते. पाव गोळीत ती पातळी गाठली जात नाही हे खरं, पण घरात कुणी ६५० ची आणलेली असते, पाव करताना तुकडा मोठा निघतो, सहा तासांनी पुन्हा दिली जाते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक तर त्याहून वाईट: पोटात अल्सर, मग किडनी.

शिवाय बहुतेक वेळा ताप नसतोच. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हाताला तो कायमच गरम लागणार. नाक कोरडं की ओलं यावरूनही काही कळत नाही. शंभर-दीडशेचा डिजिटल थर्मामीटर त्याच्यासाठी वेगळा ठेवा. टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून साधारण दोन सेंटीमीटर आत, बीप होईपर्यंत. एकाने पुढून धरायचं, दुसऱ्याने शेपटी उचलायची. १०३ च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, १०४ च्या वर असेल तर लगेच निघायचं.

जास्वंद
पोटाचं मी सांगते.

हळदीचं दूध बंद. हळदीने काही बिघडत नाही, दुधाने बिघडतं. वयाने मोठ्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना दुधातली साखर (लॅक्टोज) पचत नाही, आणि जुलाबात तर आतडं आधीच चिडलेलं असतं.

उलटी नसेल तर उपास घालू नका. फार तर एक जेवण टाळा. मोठ्या कुत्र्याला चोवीस तास उपाशी ठेवायची जुनी पद्धत लहान जातींना लावली जाते, तिथे घोटाळा होतो. विशेषतः चार-पाच महिन्यांच्या आतलं पॉम (पोमेरेनियन) किंवा चिवावाचं पिल्लू काही तास उपाशी राहिलं तरी साखर उतरते: आधी सुस्ती, मग झोकांड्या, मग फीट. अशा वेळी मधाचं किंवा साखरेच्या घट्ट पाण्याचं बोट हिरड्यांना चोळायचं आणि थेट दवाखाना. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतायचं नाही.

तुमच्या ५ किलोच्या शिझूसाठी दिवसभराचं माप: शिजलेला मऊ भात साधारण १२० ग्रॅम, उकडलेलं बोनलेस चिकन ४५ ते ५० ग्रॅम. चिकनची कातडी आणि चरबी काढून. मीठ, हळद, आलं-लसूण, तेल काहीही नाही. भात थोडा गिचका शिजवा आणि चिकन उकडलेलं पाणी घालून कालवा. त्याचे चार भाग करून चार-चार तासांनी. प्रत्येक भागात उकडलेला लाल भोपळा एक चहाचा चमचा, साल आणि बिया काढून, फोडणीशिवाय. भोपळ्याने शी बांधून येते, आणि बद्धकोष्ठ असेल तेव्हाही हाच उपाय. घरात चिकन शिजत नसेल तर ताजं पनीर ४० ग्रॅम चालेल, पण दुधाचं सोसत नसेल तर नको. दही घालायचं तर एका वेळी एक चमचा, आंबट नको, आणि तेही रोज दही खायची सवय असेल तरच. हे जेवण दोन-तीन दिवस. शी बांधली की नेहमीचं खाणं पाव, अर्धं, पाऊण असं चार दिवसांत मिसळत न्या. एकदम बदललंत तर पुन्हा पहिल्यापासून.

पाणी भांड्यात कायम ठेवा. ५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला २५० ते ३०० मिलीच लागतं, म्हणून दोन-तीनदा पातळ झालं तरी तो पटकन कोरडा पडतो. हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. हिरडी हाताला चिकट लागली, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर तशीच उभी राहिली, की घरचे उपाय संपले. ओआरएसचं साधं पाकीट असेल तर पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पूर्ण एक लिटर पाण्यात कालवून त्यातलं एक-दोन चमचे तासातासाने. ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट घातलंत तर ते खारट पाणी उलट अंगातलं पाणी ओढून घेतं. शुगर-फ्री चुकूनही नको, त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असेल तर साखर आणि यकृत दोन्हीवर बेततं.

उलटी असेल तर गणित वेगळं. सहा ते आठ तास खाणं बंद (पिल्लांना नाही), पाणी दर १५ मिनिटांनी एक चहाचा चमचा. भांडं पुढे ठेवलं की तो घटाघटा पितो आणि सगळं बाहेर टाकतो. सकाळी उठल्या उठल्या नुसता पिवळा फेस पडत असेल आणि एरवी ठणठणीत असेल, तर रात्री झोपताना त्याच्या जेवणातलेच दोन-तीन घास द्या. रिकाम्या पोटी पित्त वर येतं.

रक्त, काळी डांबरासारखी शी, दिवसात तीनहून जास्त उलट्या, पोट फुगून टणक, किंवा लसी अर्धवट झालेलं पिल्लू: यात भात-भोपळ्यात वेळ घालवू नका. पार्व्होत (पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार) एक रात्र फार मोठी असते.

निळा_रेनकोट
जास्वंदताईंनी पोटाचं नीट सांगितलंय, पण मूळ प्रश्नात "दर आठ-दहा दिवसांनी" आहे, ते सुटलं. एकदा होणारे जुलाब हे खाण्याचे. पुन्हा पुन्हा होत असतील तर भात देऊन ते फक्त झाकले जातात. पावसाळ्यात डबक्यातलं पाणी चाटणाऱ्या कुत्र्यात जियार्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) बघायलाच हवा. तीन महिन्यांनी दिलेल्या एका दिवसाच्या गोळीने तो जाईलच असं नाही. शी तपासून घ्या. फिरायला जाताना घरचं पाणी सोबत न्या.

आणि रात्रीच्या जेवणातली रस्सा लावलेली पोळी कोण भरवतंय ते आधी शोधा. आजी-आजोबांकडून गुपचूप होतं हे. कांदा-लसूण रक्ताच्या लाल पेशी फोडतात, त्याचा परिणाम कळायला चार दिवस लागतात, म्हणून कुणी संबंध जोडत नाही. मनुका, द्राक्षंही नकोत. प्रसादाच्या शिऱ्यात असतात. तूप "पोट साफ व्हायला" देतात तेही नको, लहान जातींत स्वादुपिंडाला सूज यायला एवढं निमित्त पुरतं.

मोगरा२२
खोबरेल-कापूर आमच्याकडे वर्षानुवर्षं लावतात, गोचीड मरतात. सरसकट वाईट कसं म्हणायचं? निसर्गातलंच आहे.

खारा_वारा
मोगरा, खोबरेल लावून काही होत नाही, कापराने होतं. तो कातडीतून आत जातो, आणि कुत्रा चाटून उरलेला पोटात घेतो. फीट येऊ शकते. २५ किलोचा लॅब तेवढ्यावर निभावला म्हणून ५ किलोचा शिझू निभावेल असं नाही. माप वजनावर ठरतं. रॉकेलने कातडी भाजते. कपाटातल्या डांबरगोळ्याही त्याच रांगेत.

गोचीड काढायची तर टोकदार चिमटा घ्या, कातडीला अगदी लागून डोक्याजवळ पकडा, सरळ वर संथ ओढा. पिळायचं नाही, तिचं पोट दाबायचं नाही, वर तेल किंवा काडी लावायची नाही. चिडवलं की ती पोटातलं जखमेत ओकते आणि टिक फीव्हरचा धोका वाढतो. काढलेली गोचीड स्पिरिटच्या झाकणात टाका, नखाने चिरडू नका. जागेवर पातळ बीटाडिन. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली, पट्ट्याखाली बघा. शिझूच्या केसांत नजरेपेक्षा बोटांना आधी लागते.

अंगावरच्या गोचिडी काढून काम अर्धंच होतं. पोट भरलेली मादी खाली उतरून भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत, सोफ्याच्या मागे हजारोंनी अंडी घालते, आणि मुंबईच्या हवेत बाराही महिने ती फुटतात. फटींतून व्हॅक्यूम फिरवा, त्याची चादर गरम पाण्यात धुवा. कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घालायची तर घाला, त्याने बरं वाटेल, गोचीड मरणार नाहीत. मानेवर टाकायचं औषध वजनाप्रमाणे येतं. मोठ्या कुत्र्याची ट्यूब आणून अंदाजाने अर्धी टाकू नका. टाकण्याआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही. घरात मांजर असेल तर लेबलवर परमेथ्रिन आहे का ते वाचा, मांजर दगावते.

सुस्ती, ताप, फिकट हिरड्या, पोटाच्या कातडीवर लाल टाचणीएवढे ठिपके, नाकातून रक्त: यावर पपईच्या पानांचा रस नाही, त्याच दिवशी रक्त तपासणी.

पाऊलखुणा
पंजे. आंबूस वास आणि बेचक्यातला लालपणा म्हणजे बहुधा यीस्ट. ओलं राहिलं की वाढते. म्हणून इथे औषध दुय्यम आहे आणि टॉवेल मुख्य.

पंज्याखाली पॅडच्या मधले केस बोथट टोकाच्या कात्रीने पॅडच्या पातळीला कापा. शिझूत हे केस स्पंजसारखे पाणी धरतात, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. फिरून आल्यावर मगभर कोमट पाण्यात एकेक पंजा बुडवून धुवा, साबण रोज नको. मग प्रत्येक बेचक्यात बोटाने टॉवेल घालून टिपा. शेवटी हेअर ड्रायर गार हवेवर, हातभर लांबून, एका पंज्याला मिनिटभर. तुमचा हात मधे ठेवा, तुम्हाला गरम लागलं तर त्याला जास्तच लागतंय.

दिवसातून एकदा मगभर पाण्यात बीटाडिनचं द्रावण थेंब थेंब टाका, कोऱ्या पातळ चहाचा रंग येईपर्यंत. गडद नको. त्यात पंजा दोन-तीन मिनिटं, मग न धुता कोरडा करा आणि सुकेपर्यंत चाटू देऊ नका. आठ दिवसांत फरक नसेल तर क्लोरहेक्सिडीन-मायकोनॅझोलचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा, फेस दहा मिनिटं ठेवून धुवायचा. लोक फेस आला की लगेच धुतात आणि मग म्हणतात शाम्पू चालत नाही.

खोबरेल पंज्याला नको. ही यीस्ट चरबीवरच पोसते, वर तेलाचा थर ओल आत कोंडतो. टाल्कम पावडरचे गोळे होतात. फरशी पुसायचं फिनेल किंवा घरातलं जंतुनाशक पाण्यात घालून पंजे धुणारे आहेत. तो ते चाटतो आणि जीभ सोलते.

चारही पंजे आणि वर्षभर असेल तर खाली ऍलर्जी आहे, एकच पंजा असेल तर काच, काटा किंवा नखाची इजा शोधा. आणि तुंबलेल्या पाण्यातून चालवू नका. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो, त्याच्याकडून आपल्यालाही. लेप्टोची लस कार्डावर आहे का तेवढं बघा. ती वर्षाला द्यावी लागते.

कानात तेल नाही. पडदा फाटलेला असेल तर आत जातं, नसेल तर मळाचा चिखल होतो. आंघोळीआधी कानाच्या तोंडाशी सैल कापूस, नंतर काढून टाका आणि बाहेरचा भाग पुसा. बड आत घालू नका.

चौथा_मजला
केवढं व्यवस्थित सांगितलंत सगळ्यांनी, आभार. क्रोसिन आणि कापूर आजच बाद. श्वासाचं राहिलं: त्या घर्र घर्रला मध द्यायचा का?

जास्वंद
वर्णनावरून ती उलटी शिंक वाटते. पग, शिझू, पॉममध्ये नेहमीची. टाळूच्या मागे खाज सुटली की होते: धूळ, अगरबत्ती, डासांची कॉइल, मोगऱ्याचा वास. मध नको. गळा वरून खाली हळू चोळा, किंवा एक-दोन सेकंद नाकपुड्या झाका म्हणजे तो गिळतो आणि थांबतं. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, दवाखान्यात गेल्यावर तो नेमका करत नाही.

श्वास बाहेर टाकताना हंसासारखा खणखणीत खोकला, खेळल्यावर किंवा पट्टा ओढल्यावर, असेल तर श्वासनलिका मऊ पडलेली असू शकते. गळ्याचा पट्टा काढून छातीचा हार्नेस. साध्या खोकल्याला एक वर्षावरच्या कुत्र्याला मध पाव चमचा दिवसातून दोनदा चालतो, मधुमेह असेल तर नाही. माणसांचं कफ सिरप नाही. वय वाढलं की झोपेतले श्वास मोजायची सवय ठेवा: गाढ झोपेत मिनिटाला ३० च्या आत. सलग दोन रात्री त्याहून जास्त आले तर हृदय तपासायला हवं. जीभ निळसर झाली तर मोजत बसू नका.

निळा_रेनकोट
शीचा नमुना: केमिस्टकडे मिळणारी झाकणाची डबी, सुपारीएवढा भाग, जमिनीला न लागलेला. सलग तीन दिवसांचा घ्या, जियार्डिया रोज पडत नाही. डबी फ्रिजमध्ये, डीप फ्रीजरमध्ये नाही, वर तारीख. परळला बैलघोड्याला (तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात) नेणार असाल तर सकाळी लवकर निघा आणि लसीचं कार्ड बरोबर ठेवा. नमुना घेईपर्यंत जुलाब थांबवायचं औषध देऊ नका.