'निवडक' सीडीवरून जुनी मराठी गाणी ऐकायला सुरुवात करावी का?

नेरुळ_पामबीच

सोसायटीत दर रविवारी संध्याकाळी जुनी मराठी गाणी ऐकण्याचा गट सुरू करतोय. बारा-पंधरा जण येतील, बहुतेक विशी-पंचविशीतले. गाणी त्यांच्या कानावर आहेत, पण टीव्हीवरच्या स्पर्धांमधून. मूळ आवाज कोणाचा, चाल कोणाची, हे माहीत नाही. एकूण सहा रविवार, प्रत्येक वेळी सव्वा तास.

हाताशी तीन गोष्टी आहेत: 'निवडक भावगीतं' छापाचे तीन सीडी-संच, एका पेनड्राइव्हवर साडेतीनशे एमपी३ फाइली, आणि एका शेजाऱ्यांकडच्या साठेक रेकॉर्डी, एलपी (मोठ्या) आणि ईपी (छोट्या) मिळून. काही जाणकार म्हणतात की निवडक गाण्यांचा संग्रह म्हणजे वरवरचं ऐकणं, अल्बम मुळातूनच ऐकावा. नवख्यांसाठी नक्की काय करावं? आणि संग्रह वापरायचा झाला तर कुठे फसायला होतं?

---

तबकडी_नौपाडा

बिनधास्त निवडक संग्रहापासून सुरुवात करा. 'अल्बम मुळातून ऐका' हा सल्ला मुळात इंग्रजी रॉक ऐकणाऱ्यांचा. तिथे साठच्या दशकापासून अख्खी एलपी एक कलाकृती म्हणून रचली जायची, त्यामुळे तिच्यातली चार गाणी उचलून दुसरीकडे नेली की काहीतरी तुटायचं. मराठी भावगीताला बहुतेक वेळा मूळ अल्बम नव्हताच. गाणं यायचं मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीवर, एका बाजूला एकच, तीन ते साडेतीन मिनिटांचं. नाहीतर आकाशवाणीवर. पुढे ४५ फेऱ्यांची ईपी आली, तिच्यावर बहुधा चार गाणी. बारा इंची एलपीच्या एका बाजूला साधारण वीस मिनिटं मावतात, म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंदांची सहा गाणी. जुन्या संग्रहांत बारा गाणी दिसतात ती या हिशेबाने. वेगवेगळ्या वर्षांच्या तबकड्यांवर विखुरलेली गाणी अशा संग्रहातच पहिल्यांदा शेजारी बसली. मग मोडायला होतं काय?

खरी उणीव वेगळी आहे. संग्रह काढते कंपनी, आणि ती स्वतःच्या हक्काचीच गाणी घेते. 'सर्वोत्कृष्ट' याचा अर्थ एका कपाटातली सर्वोत्कृष्ट. रेडिओसाठी झालेलं आणि तबकडीवर कधीच न आलेलं गाणं तिथे मिळणार नाही. दुसरं म्हणजे संग्रह बहुतेक वेळा गायकाच्या नावाने विकला जातो. त्यामुळे ऐकणारा गायकाच्या मागे जातो आणि चाल बांधणारा माणूस त्याच्या नजरेतून निसटतो.

म्हणून गटातल्या प्रत्येकाला एक वही करायला सांगा. पानावर चार रकाने: कवी, संगीतकार, गायक, आणि गाणं कुठलं (चित्रपट, नाटक, रेडिओ की खासगी). ही माहिती सीडीच्या आतल्या कागदावर असते. नसली तर 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर बघा, तिथे गीतकार, संगीतकार, गायक असं तिन्ही बाजूंनी शोधता येतं. दोन बैठकांनंतर फक्त दुसरा रकाना वरून खाली वाचा.

संगीतकार श्रीनिवास खळे, म्हणजे खळेकाकांचं नाव घ्या. 'शुक्रतारा मंद वारा' अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचं, 'श्रावणात घननिळा बरसला' लताबाईंचं, 'बगळ्यांची माळ फुले' वसंतराव देशपांड्यांचं. गायकांच्या नावांनी काढलेल्या संग्रहांत ही गाणी तीन वेगळ्या सीडींवर पडतात. तिन्हींची चाल श्रीनिवास खळ्यांची. लागोपाठ वाजवली की ताल सरळ आणि सुरांची वाट मात्र वळणावळणाची, ही सवय लगेच कानाला लागते. ती एकदा ओळखता आली की मग 'अभंग तुकयाचे' पूर्ण लावा. तोपर्यंत नाही.

तसंच लताबाईंच्या मराठी गाण्यांच्या संग्रहात संगीतकाराच्या जागी 'आनंदघन' दिसलं तर थांबा. ते त्यांचंच टोपणनाव. 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) आणि 'साधी माणसं' (१९६५) यांचं संगीत त्यांनी त्या नावाने दिलं. गायिका म्हणून ऐकलेल्या माणसाला संगीतकार म्हणून ऐकायची सोय निवडक संग्रहातच आयती होते.

---

खाडीकाठ_ऐरोली

वरचं सगळं मान्य. मी फसण्याच्या जागा सांगतो, कारण साडेतीनशे फाइलींचा पेनड्राइव्ह म्हटलं की धोका तिथेच आहे.

पहिला सापळा म्हणजे मूळ गाणं म्हणून नव्याने गायलेलं गाणं मिळणं. कॅसेटच्या जमान्यापासून जुन्या गाण्यांची दुसऱ्या आवाजातली ध्वनिमुद्रणं भरपूर निघाली. काही वेळा तोच गायक वीस-पंचवीस वर्षांनी तेच गाणं पुन्हा गायलेला असतो, आणि हे कळायला सर्वांत अवघड. आधी लांबी बघा. ७८च्या काळातलं गाणं सव्वापाच मिनिटांचं निघालं तर तुमच्या हातात मूळ तबकडी नाही. मग वाद्यं ऐका. क्लॅरिनेट, व्हायोलिन, मँडोलिन आणि तबला असेल तर ठीक. कीबोर्डवरची बासरी आणि ठोक्याला एकसारखा वाजणारा इलेक्ट्रॉनिक ताल ऐकू आला की फाइल बाजूला काढा.

ॲपवर गाण्याखाली दिसणाऱ्या वर्षावर विसंबू नका. पन्नासच्या दशकातल्या गाण्याखाली २००४ दिसतं, ते बहुधा त्या संग्रहाचं वर्ष असतं.

दुसरा सापळा खोटं स्टीरिओ. जुनं ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. नंतर काहींवर प्रक्रिया करून खर्ज (जाड सूर) एका कानात आणि टीप (बारीक सूर) दुसऱ्या कानात टाकली, वरून घुमारा दिला. आवाज लांब, गुहेतून आल्यासारखा वाटतो. तपासायचं असेल तर ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, ट्रॅकच्या मेनूतून 'स्प्लिट स्टीरिओ टू मोनो' करा, दोनपैकी एकच ट्रॅक निवडून इफेक्टमधलं 'इन्व्हर्ट' द्या आणि दोन्ही एकत्र वाजवा. मूळ मोनो स्वच्छ असेल तर जवळपास शांतता होते. उरलासुरला घुमारा आणि टिपेची भुतं ऐकू आली तर प्रक्रिया केलेली आहे. एमपी३मुळे थोडी कुजबुज राहते, तिला घाबरू नका.

तिसरा सापळा खरखर काढण्याचा. सॉफ्टवेअरने खरखर जास्त पुसली की तिच्याबरोबर झांजेची किनार आणि तंबोऱ्याची जवारी (तारेची झणक) जाते. गायकाचा श्वासही जातो. दोन प्रती असतील तर थोडी खरखरणारीच घ्या. नवख्यांना पहिली दहा सेकंदं खटकतं, मुखडा संपेपर्यंत कान सरावतो.

चौथा, वेग. तबकडी चुकीच्या वेगाने उतरवली की पट्टी बदलते. वेगात सहा टक्के फरक म्हणजे जवळपास अर्धा स्वर, पेटीवरच्या पांढरी एकची काळी एक. पेटी जवळ असेल तर षड्ज (सा) जुळवून बघा. तो दोन पट्ट्यांच्या मधे पडत असेल आणि गायकाचा आवाज ओळखीपेक्षा पातळ वाटत असेल तर वेगावर संशय घ्या.

आता रेकॉर्डी. एलपीच्या लेबलवर ईसीएलपी असेल तर मोनो, ईसीएसडी असेल तर स्टीरिओ. खाडीच्या हवेत कव्हरला बुरशी धरतेच. रेकॉर्डी उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका, आतली जुनी पिशवी चिकटत असेल तर फेकून नवी घाला. पुसायला डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड, खाचेच्या दिशेने. त्या साठांमध्ये एखादी ७८ची तबकडी निघाली तर तिला स्पिरिट अजिबात लावू नका, लाखेची असते, विरघळते. आणि एलपीची सुई तिच्यावर चालवू नका. ७८ची खाच रुंद, तिला तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. एलपीची ०.७ मिलची असते, ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखरच जास्त उचलते.

---

रंगपीठ_ठाणे

भावगीतापुरतं तुमचं दोघांचं बरोबर आहे. नाट्यसंगीताला हा न्याय लावू नका.

'कट्यार काळजात घुसली' (१९६७) घ्या. 'घेई छंद मकरंद' या एकाच पदाला जितेंद्र अभिषेकींनी नाटकात दोन चाली दिल्या आहेत, एक पंडितजींच्या घराण्याची आणि एक खाँसाहेबांच्या घराण्याची. नाटकाचा सगळा झगडाच त्या दोन गायक्यांचा आहे. निवडक नाट्यगीतांच्या सीडीवर बहुधा एकच चाल येते. ऐकणाऱ्याला पद सुंदर वाटतं, पण ते कशासाठी आहे ते कळत नाही. दोन्ही चाली लागोपाठ ऐकवा, आणि मधे कथानक चार वाक्यांत सांगा.

बालगंधर्वांचंही तसंच. 'स्वयंवर' (१९१६) मधलं 'नाथ हा माझा' तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत उरकावं लागलं. रंगमंचावर तेच पद 'वन्स मोअर' घेत कितीतरी वेळ चालायचं. तबकडी म्हणजे त्या गाण्याचा नमुना आहे हे आधी सांगितलं नाही तर आजची मुलं 'एवढंच?' म्हणतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

गीतरामायणाचे तुकडे करूनही वाजवू नका. छप्पन्न गीतं, १९५५च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक. गदिमांचे शब्द, बाबूजींचं (सुधीर फडके) संगीत, पण रेडिओवर गाणारे गायक वेगवेगळे होते. घरोघरी पोचलेल्या रेकॉर्डीत सगळी बाबूजींच्याच आवाजात आहेत. हा फरक माहीत असावा. सलग पाच-सहा गीतं लावलीत तर कथेची गती कळते.

एक शेवटचं. भक्तिगीतांच्या संग्रहात 'इंद्रायणी काठी' अभंगांच्या रांगेत बसवलेलं असतं आणि लोक ते संतरचना समजतात. ते 'गुळाचा गणपती' (१९५३) या चित्रपटातलं, शब्द गदिमांचे, संगीत पु. ल. देशपांड्यांचं, आवाज भीमसेनजींचा. चौथा रकाना भरायला लावा म्हणजे अशी गल्लत होणार नाही.

---

नेरुळ_पामबीच

फारच उपयोगी. 'घेई छंद'च्या दोन्ही चाली शोधतो. एक विचारायचं राहिलं. वाशीला भावे नाट्यगृहात जुन्या गाण्यांचे कार्यक्रम होतात, गटाला आधी तिथे नेलं तर? आणि सव्वा तासात गाणी किती घ्यावीत?

---

कोपरीकर

कार्यक्रमाला जरूर न्या, पण तिसऱ्या-चौथ्या रविवारनंतर. भावे काय, गडकरी रंगायतन काय, असे कार्यक्रम म्हणजे जिवंत निवडक संग्रहच. ठरलेली वीस-पंचवीस गाणी, कारण प्रेक्षक तीच मागतात. मूळ आवाज कानात बसल्यावर गेलं तर अरेंजरने कुठे काय बदललं ते ओळखण्यात मजा येते. आधी गेलं तर तेच मूळ वाटायला लागतं.

बैठकीसाठी एक विषय सुचवतो, आपल्या गावचा. जनकवी पी. सावळाराम ठाण्याचे, इथले नगराध्यक्षही होते. त्यांचे शब्द, वसंत प्रभूंची चाल आणि लताबाईंचा आवाज या त्रयीची गाणी जवळजवळ प्रत्येक निवडक संग्रहात एक-दोन तरी असतात: 'गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का', 'कल्पवृक्ष कन्येसाठी'. तिन्ही संचांतून ती वेचून एकत्र करा. सासरी निघालेली मुलगी, गेलेला बाप, घरातलं रोजचं दुःख. इतके साधे शब्द की पहिल्या ऐकण्यात कविता लक्षातच येत नाही. मुखडा वाजवायच्या आधी शब्द एकदा नुसते वाचून दाखवा, चालीशिवाय.

---

तबकडी_नौपाडा

@रंगपीठ_ठाणे, नाट्यसंगीताचं मान्य, मी ते वेगळं काढायला हवं होतं.

सव्वा तासात आठ-नऊपेक्षा जास्त गाणी नकोत. नऊ गाणी म्हणजे वाजण्याचा वेळ अर्धा तास. त्यातली दोन पुन्हा लावायची, सात मिनिटं. उरलेला वेळ वही भरायला आणि बोलायला. वीस गाण्यांचा रेटा लावलात तर घरी जाताना एकही लक्षात राहत नाही.

पहिल्या दोन रविवारी फक्त संग्रह, पण सीडीवरच्या क्रमाने नाही. गाणी सालाप्रमाणे लावून घ्या. तुमच्या मुलांना बीटल्स माहीत असतील तर त्यांचे १९७३चे लाल आणि निळे संग्रह दाखवा. १९६२ ते ६६ आणि १९६७ ते ७०, अशी काळाने केलेली विभागणी असल्यामुळे आठ वर्षांत आवाज कुठून कुठे गेला ते नवख्यालाही ऐकू येतं. आपल्याकडचे संग्रह सहसा असे लावत नाहीत, द्वंद्वगीत आणि उडतं गाणं आलटून पालटून टाकतात. ते काम तुम्हालाच करावं लागेल. तिसरा रविवार खळेकाका. चौथा कोपरीकरांनी सांगितलेली त्रयी. पाचवा 'कट्यार' आणि बालगंधर्व. सहाव्याला रेकॉर्डींमधली एकच एलपी, पहिल्या बाजूपासून शेवटपर्यंत, मधे कोणी बोलायचं नाही. 'शिवकल्याण राजा' त्या साठांत असली तर तीच. ती गाणी आणि निवेदन मिळून एकसंध बांधलेली आहे, तिच्यातलं एखादंच गाणं उचलून ऐकलं तर हाती निम्मंच लागतं.

---

खाडीकाठ_ऐरोली

सहाव्या रविवारसाठी: प्लेअर स्पीकरच्याच टेबलावर ठेवू नका, खर्ज सुईत परत शिरून घुमतो. आणि बाजू उलटताना सुई ब्रशने मागून पुढे एकदा झाडा. साठ जुन्या रेकॉर्डींपैकी पहिलीच तिच्यावर धुळीचा गोळा चढवेल.