वहीत नसलेलं पोर
बालमजुरी थांबवायला धाडी टाका, असं सुचवलं जातं, पण ऊसतोडीत धाडीला सापडणार काय? उचल (आगाऊ पैसे) मिळते नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला. पोराचं नाव मुकादमाच्या, म्हणजे मजूर आणणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत नसतंच. ते वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करतं, मोळ्या बांधतं, नाहीतर खोपीवर धाकट्याला सांभाळतं (हे काम तर कुणी मोजतच नाही).

कर्नाटकात चिकोडी-अथणीकडे तोडणी मजुरांच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास उतरतात, म्हणजे शाळेचं निम्मं वर्ष फडात. शाळा सोडल्याचा दाखला गावी अडकलेला, जवळची शाळा बहुधा कन्नड. पण दाखल्यावाचून सरकारी शाळेला प्रवेश अडवता येत नाही. शिक्षणहक्क कायदा २००९, कलम ५. वयानुसार वर्ग कलम ४ देतं. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नाहीच ऐकलं तर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन.