मदत हवी आहे: कासवांच्या पिल्लांना न भुलवणारा दिवा कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. मोरजीला किनाऱ्यालगत आमचं घर आहे, मधे फक्त सुरूच्या झाडांची रांग. हिवाळ्यात इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, साधारण 50 दिवसांनी पिल्लं वाळूतून वर येतात. रात्री जिकडे उजेड तिकडे ती धावतात. समुद्राकडचं आकाश उजळ असतं म्हणून पाण्यात पोचतात. पण त्यांना सर्वांत जास्त खेचतो तो निळा-हिरवा उजेड, आणि पांढऱ्या एलईडीत 450 नॅनोमीटरच्या (ही उजेडाच्या लहरीची लांबी, तिच्यावरून रंग ठरतो) आसपास निळा भरपूर असतो. मग पिल्लं उलटी फिरतात आणि कुत्र्यांच्या, खेकड्यांच्या तोंडी जातात. जीव तुटतो हो.

560 नॅनोमीटरच्या पुढचा, म्हणजे अंबर (पिवळसर नारिंगी) किंवा लाल उजेड त्यामानाने बरा. ‘वॉर्म व्हाइट’ चालत नाही, त्यातही निळा उरतोच. म्हापशाला एका दुकानात ‘अंबर’ म्हणून दाखवलेल्या बल्बचा उजेड जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर पाडून पाहिला (तिच्यावर उजेडातले रंग वेगवेगळे दिसतात), तर निळी पट्टी स्पष्ट दिसली. आत पांढराच एलईडी, वर नुसता पिवळा रंग!

अंगणातला दिवा पूर्ण बंद ठेवता येत नाही, सासूबाईंना पायऱ्या दिसायला हव्यात. तर 590 नॅनोमीटरच्या आसपासचा खरा अंबर एलईडी, साध्या होल्डरमध्ये बसणारा, गोव्यात कुठे मिळेल? की सरळ लालच लावावा? आणि तो पायरीजवळ खाली, समुद्राच्या बाजूने पत्र्याची आड देऊन बसवला तर पुरेल का? कोणी किनाऱ्यावर असं केलं असेल तर फोटोसकट सांगा. पिल्लं बाहेर पडायच्या आत बदलायचा आहे.