दशमात रवी-शनी युती: नोकरी आणि नाव, दोन्हींवर काय परिणाम?

खानापूर_रोड:
नमस्कार मंडळी. धाकट्या भावाची पत्रिका कन्नड शास्त्रींकडून करून घेतली आहे, चौकोनी खणांची. वृषभ लग्न (जन्मवेळी उगवणारी रास), कुंभेत रवी १९ अंश, शनी ११ अंश, म्हणजे दशमात, कामधंद्याच्या दहाव्या घरात, दोघांची युती. त्याच खणात ‘कु’ लिहिलंय, ते कुंभ असावं. जन्म बेळगावचा, दुपारी १२ चा. भाऊ उद्यमबागेत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, शिवाय केपीएससीचा (कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा) अभ्यास करतोय. ओळखीचे एक जण म्हणायलेत की ही बाप-लेकाची वैराची युती, वरिष्ठांशी भांडण आणि बदनामी ठरलेली, सरकारी नोकरी विसरा. शनीचं रत्न नीलम घाला म्हणून सांगायलेत. शुक्राची महादशा (ग्रहाचा मोठा काळ) चालू आहे, त्यात शनीची अंतर्दशा (आतला छोटा काळ) लागणार. खरंच इतकं वाईट आहे का?

निपाणी_पंचांग:
आधी ते ‘कु’ बघा. कन्नड पत्रिकेत ‘कु’ म्हणजे कुज, आपला मंगळ. राशीचं नाव खणात लिहीत नाहीत, कारण राशींच्या जागा ठरलेल्या असतात: वरच्या ओळीत डावा कोपरा मीन, शेजारी मेष आणि तिथून घड्याळाच्या दिशेने पुढे. ‘ल’ (लग्न) असेल त्या खणापासून भाव, म्हणजे पत्रिकेतली बारा घरं, मोजायचे. ‘र’ रवी आणि ‘रा’ राहू, ‘श’ शनी आणि ‘शु’ शुक्र, हेही नीट बघून घ्या. आपल्या मराठी पत्रिकेत भावांच्या जागा ठरलेल्या आणि आकडा राशीचा, म्हणून तिथे १० दिसला की ती मकर, दशम भाव नव्हे. दोन्ही पद्धती घरात असल्या की नेमका इथेच घोळ होतो.

वेळ मात्र जुळते. रवी दशमात म्हणजे जन्म दुपारच्या सुमाराचा, आणि रवी कुंभेत १९ अंशांवर म्हणजे मार्चचा पहिला आठवडा. त्या दिवसांत बेळगावात वृषभ लग्न साधारण ११ ते पाऊण असतं.

मंगळाचे अंश टाका, त्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

खानापूर_रोड:
बरोबर हो, स्पष्टग्रहाच्या तक्त्यात कुज ४ अंश आहे.

चिकोडी_दशांश:
दादा, युती एका खणावरून ठरवू नका. तीन गोष्टी क्रमाने बघा: मालकी (कोणता ग्रह कोणत्या घराचा स्वामी), अंतर (ग्रहांमधले अंश), वर्ग (राशीचे छोटे भाग पाडून काढलेल्या कुंडल्या).

मालकी. वृषभ लग्नाला शनी नवम आणि दशम दोन्हींचा स्वामी, म्हणजे योगकारक, या लग्नाला विशेष शुभ. तो स्वतःच्या कुंभेत, तेही पहिल्या २० अंशांत, म्हणजे मूलत्रिकोणात, त्याच्या खास बळाच्या भागात. केंद्रात (१, ४, ७, १० या घरांत) आहे म्हणून शश योग, हा शनीचा शुभ योगही होतो. रवी चतुर्थेश (चौथ्या घराचा स्वामी), दशमात दिग्बली, म्हणजे त्या जागेमुळे बलवान. चतुर्थेश आणि नवमेश एकत्र आले की तो राजयोग. ‘वैराची युती’ म्हणणाऱ्यांनी फक्त नैसर्गिक शत्रुत्व बघितलं, लग्न बघितलंच नाही. हीच युती कर्क लग्नाला अष्टमात असती तर मीही काळजी करा म्हटलं असतं.

अंतर. शनी रवीपासून १५ अंशांच्या आत अस्तंगत (रवीच्या तेजात झाकलेला), इथे अंतर ८. मंगळाची मर्यादा १७, अंतर १५, म्हणजे तोही अस्तंगत. खरी अडचण ही आहे. अस्तंगत दशमेशाचा माणूस काम चोख करतो, पण सही वरच्याची होते. श्रेय उशिरा मिळतं, बहुतेकदा पहिला साहेब बदलल्यावर. त्याला बदनामी म्हणत नाहीत. शिवाय रवी शनीला ओलांडून पुढे गेला आहे, अंतर रोज वाढतंय, शनी उदयाकडे निघालेला. रवी मागून शनीवर चालून येत असता तर फळ जास्त कडक असतं.

वर्ग. नवांश म्हणजे राशीचा नववा भाग, कुंभेत तो तुळेपासून मोजतात. शनी चौथ्या नवांशात, मकरेत, स्वतःच्या घरी. मंगळ दुसऱ्या, वृश्चिकेत, तोही स्वतःच्या घरी. रवी सहाव्या, मीनेत, मित्राकडे. दशांश म्हणजे राशीचा दहावा भाग, ३ अंशांचा, करिअरसाठी बघतात. कुंभ विषम रास म्हणून मोजणी कुंभेपासूनच (सम रास असती तर तिच्या नवव्या राशीपासून). शनी वृषभेत, मित्राकडे. रवी सातव्या दशांशात, चक्क सिंहेत. करिअरच्या वर्गात तिघे वेगवेगळे आणि रवी स्वराशीला. लग्नकुंडलीतली दाटी इथे सुटते.

सांभाळायचं ते मंगळाचं. तो सप्तमेश आणि व्ययेश (सातव्या आणि बाराव्या घराचा स्वामी), शनीपासून ७ अंशांवर. नावाला धक्का लागलाच तर तोंडामुळे लागेल. रिजेक्शनचा वाद सुपरवायझरशी तोंडी घालू नये, लेखी रिपोर्ट द्यावा. क्वालिटीच्या कामात हे जमण्यासारखं आहे.

अथणीकर_७४:
वरचं सगळं अंशांवर उभं आहे, म्हणून अयनांश (राशीचक्राची सुरुवात कुठे धरायची त्याचं माप) कोणतं ते शास्त्रींना विचारा, चित्रापक्ष की रामन. रामन अयनांश असेल तर ग्रह चित्रापक्षापेक्षा जवळजवळ दीड अंश पुढे दिसतात. तुमचे आकडे चित्रापक्षाचे असले आणि कोणी रामनने केले, तर रवी साडेवीसच्या आसपास जाऊन नवांश मीनेचा मेष होतो, म्हणजे रवीची उच्च रास. मग दोन जण दोन फळं सांगतात.

ॲपमध्ये करताना जन्मगाव बेळगावच निवडा. बेंगळुरू टाकलं तर लग्न ३ अंश सरकतं, म्हणजे एक अख्खा दशांश. हाताने गणित करणाऱ्याने भारतीय वेळेतून ३२ मिनिटं वजा केली नाहीत तर ८ अंशांची चूक.

खानापूर_रोड:
अयनांश चित्रापक्षच आहे, खाली छापलंय. मग केपीएससी आणि नीलमचं काय करायचं?

चिकोडी_दशांश:
शुक्रात शनी ३ वर्षं २ महिने. शुक्र लग्नेश, शनी दशमेश, म्हणून करिअरची हालचाल याच काळात. दिग्बली रवी दशमेशाबरोबर आहे, सरकारी दार बंद नाही. पण अस्तंगत शनी पहिल्या झटक्यात देत नाही, म्हणून हातची नोकरी सोडून अभ्यासाला बसवू नका. फाउंड्रीसुद्धा शनी-मंगळाचंच क्षेत्र आहे, लोखंड आणि भट्टी. तिथेही तो वर जाऊ शकतो.

नीलम आत्ता नको. शनीबरोबर रवी आणि मंगळ बसलेत, दोघांशी त्याचं जमत नाही. एकट्याला जोर दिला की ओढाताण वाढते. रवीचं माणिक आणि शनीचा नीलम एकत्र तर कधीच नाही. शनिवारी मारुतीला तेल, सकाळी सूर्याला अर्घ्य, एवढं पुरे.