दहा-अकरा हजारांत रुंद मॉनिटर: २४ इंची, २७ इंची की अल्ट्रावाइड? (सांगली)

बेदाणा-हिशेब
नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळद-बेदाण्याचं अडत दुकान आहे. हिशेब मी आणि वडील मिळून बघतो. सध्या साडेअठरा इंची जुना मॉनिटर आहे, १३६६ × ७६८ चा. पट्टीचा (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाचा) तक्ता एक्सेलमध्ये उघडला की शेतकऱ्याचं नाव डाव्या टोकाला, निव्वळ रक्कम पार उजवीकडे, आणि मधे वजन, दर, हमाली, तोलाई, उचल. दिवसभर तक्ता इकडून तिकडे सरकवत बसावं लागतं. शिवाय टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटीचं पोर्टल शेजारी शेजारी उघडं ठेवता आलं तर फार बरं होईल.
बजेट दहा-अकरा हजार. दुकानदार म्हणतो २७ इंची घ्या, मोठा दिसतो. एक मित्र म्हणतो अल्ट्रावाइडच (नेहमीपेक्षा जास्त रुंद स्क्रीनचा) घे. गेम वगैरे काही नाही, फक्त आकडे. काय घ्यावं?

विश्रामबागकर
आधी तीन गोष्टी सांगा. टेबल किती खोल आहे? सीपीयूच्या मागे कोणते पोर्ट आहेत? आणि वडिलांना चष्मा कोणता आहे?

बेदाणा-हिशेब
टेबल दीड फूट खोल, पाठीमागे लगेच भिंत. मागे एक निळा व्हीजीए आणि एक एचडीएमआय आहे. मशीन जुनं आहे, चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचं. वडिलांना बायफोकल चष्मा आहे. चष्म्याचं का विचारलंत?

विश्रामबागकर
चष्म्याचं शेवटी सांगतो, कारण तो मुद्दा मांडणीचा आहे.

तुमची अडचण रकान्यांची आहे, आणि रकाने इंचावर नाही, पिक्सेलवर (स्क्रीनवरच्या बारीक ठिपक्यांवर) मिळतात. एक्सेलचा साधा रकाना १०० टक्के झूमला ६४ पिक्सेल रुंद असतो. तुमच्या आत्ताच्या स्क्रीनवर ए ते टी, म्हणजे २० च्या आसपास रकाने दिसत असतील. १९२० × १०८० (म्हणजेच फुल एचडी) घेतला की तेच २८-२९ होतात. आता नीट बघा: २४ इंची फुल एचडी घ्या नाहीतर २७ इंची फुल एचडी घ्या, रकाने तितकेच. २७ इंचीवर ते फक्त मोठे दिसतील. दुकानदार "मोठा" म्हणतो तो या अर्थाने. तुम्हाला हवाय तो "जास्त", आणि त्यासाठी रिझोल्यूशन, म्हणजे पिक्सेलची संख्या, वाढावी लागते.

दुसरा मुद्दा अक्षराचा. २४ इंची फुल एचडीवर एका इंचात ९२ च्या आसपास पिक्सेल बसतात, २७ इंचीवर ८२. तुमच्या जुन्या मॉनिटरवर साधारण ८५ आहेत. म्हणजे २७ इंचीवर अक्षर आत्तापेक्षा किंचित मोठं, २४ इंचीवर किंचित लहान. पण दीड फुटी टेबलावर २७ इंची ठेवला तर स्क्रीन अगदी तोंडावर येते. ६० सेंटीमीटर रुंदीची स्क्रीन इतक्या जवळून बघताना मान सतत फिरत राहते, आणि अक्षरांच्या कडांचे दातेही दिसतात.

माझं स्पष्ट मत: २४ इंची (खोक्यावर २३.८ लिहिलेलं असतं), आयपीएस पॅनल (बाजूने बघितलं तरी रंग न बदलणारा प्रकार), फुल एचडी. तुमच्या बजेटमध्ये आरामात बसतो आणि थोडे पैसे उरतात. त्या उरलेल्या पैशांचं काय करायचं ते पुढे लिहितो.

अजिंक्यतारा
साताऱ्याहून. माझ्याकडे २९ इंची अल्ट्रावाइड आहे, २५६० × १०८०. रुंद तक्त्यासाठी याच्यासारखं सुख नाही. एक्सेलचे ३८ च्या आसपास रकाने एका नजरेत येतात. टॅली अर्ध्यात, पोर्टल अर्ध्यात, आणि दोन्ही वाचता येतात. मधे दुसऱ्या मॉनिटरची काळी पट्टीही येत नाही. थोडं थांबून बजेट वाढवता आलं तर नक्की विचार करा.

पण एक लक्षात घ्या. २९ इंची अल्ट्रावाइड उंचीला २४ इंचीपेक्षा कमीच भरतो, साधारण साडेअठ्ठावीस सेंटीमीटर. ओळी तेवढ्याच दिसतात, वाढते ती फक्त रुंदी, सुमारे ६८ सेंटीमीटर. आणि जुन्या मदरबोर्डाच्या एचडीएमआयवर २५६० चं रिझोल्यूशन मिळेलच असं नाही. पैसे देण्याआधी बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये कमाल रिझोल्यूशन बघा, किंवा सीपीयूच दुकानात नेऊन लावून बघा. ते मिळालं नाही तर चित्र ताणलेलं आणि धूसर येतं, मग त्या रुंदीचा काही उपयोग नाही.

विश्रामबागकर
अजिंक्यतारा यांचं म्हणणं पटतं. मशीन नवं असतं आणि बजेट दुप्पट असतं तर मीही तेच सांगितलं असतं. पण दहा-अकरा हजारांत चांगला अल्ट्रावाइड बसणार नाही. त्याऐवजी हे करा: जुना मॉनिटर विकू नका. नवा एचडीएमआयवर लावा, जुना व्हीजीएवर तसाच ठेवा. तुमच्या पिढीच्या बहुतेक बोर्डांवर दोन्ही पोर्ट एकाच वेळी चालतात. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून "एक्स्टेंड" निवडा. जुन्यावर टॅली, नव्यावर पट्टीचा तक्ता. रुंदी अल्ट्रावाइडपेक्षाही जास्त मिळते.

मिरज-जंक्शन
खरेदीचं थोडं. बिल पेढीच्या नावावर, जीएसटी नंबर टाकूनच घ्या. मॉनिटरवर १८ टक्के कर आहे, धंद्याच्या वापरासाठी त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं (भरलेला कर पुढच्या करातून वजा होतो), हे तुम्हाला मी काय सांगायचं. ऑनलाइन दोन-तीनशे स्वस्त दिसलं तरी वॉरंटी किती वर्षांची आणि माणूस दुकानात येणार की खोकं उचलून कोल्हापूरला न्यावं लागणार, ते आधी विचारा. दुकानातून घेत असाल तर तिथेच लावून पूर्ण पांढरी, पूर्ण काळी आणि पूर्ण लाल स्क्रीन करून बघा. एखादा ठिपका मेलेला असेल तर लगेच कळतं. घरी आणल्यावर एका ठिपक्यासाठी कंपन्या सहसा बदलून देत नाहीत.

व्हीए पॅनलचे मॉनिटरही याच किमतीत दिसतील. त्यात काळा रंग जास्त गडद येतो, सिनेमाला छान. पण तुम्ही आणि वडील शेजारी बसून एकच स्क्रीन बघणार, तेव्हा बाजूने बघताना रंग न बदलणारा आयपीएसच बरा.

बेदाणा-हिशेब
सर्वांचे मनापासून आभार. २४ इंची आयपीएस घेतला, जुनाही शेजारी लावलाय. तक्ता आता न सरकवता दिसतो! वडील खूश आहेत, पण म्हणतात डोळ्याला फार उजेड लागतो आणि मान दुखते. शिवाय काळा रंग राखाडी दिसतो.

विश्रामबागकर
तिन्हीवर उपाय आहे.

उजेड: मॉनिटर कारखान्यातून येतो तेव्हा ब्राइटनेस भडक ठेवलेला असतो. स्क्रीनवर कोरं पान उघडा, शेजारी खरा पांढरा कागद धरा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. खिडकी स्क्रीनच्या समोर किंवा मागे नको, बाजूला हवी.

राखाडी काळा: एचडीएमआयवर मशीन कधी कधी मॉनिटरला टीव्ही समजून रंगांची मर्यादित रेंज पाठवतं. इंटेल ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये डिस्प्ले या भागात क्वांटायझेशन रेंज शोधा आणि ती "फुल" करा. तिथेच रिझोल्यूशन १९२० × १०८० आहे ना, तेही तपासा. अक्षर बारीक वाटलं तर रिझोल्यूशन कमी करू नका, सगळं धूसर होतं. विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के केलं तर अक्षर मोठं होईल, पण रकाने २२-२३ वर येतील. त्यापेक्षा वडील बसतील तेव्हा एक्सेलचंच झूम वाढवा.

मान: आता चष्म्याचं. साधारण नियम असा की स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी. पण बायफोकलमध्ये जवळचं बघायची काच खाली असते. स्क्रीन उंच असली की माणूस हनुवटी वर करून त्या खालच्या काचेतून बघतो, आणि मान तिथेच धरते. वडिलांसाठी स्क्रीन चांगली दोन-तीन इंच खाली घ्या आणि वरची बाजू किंचित मागे कलती ठेवा. तरी नाही जमलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना स्क्रीनचं अंतर मोजून सांगा, ते फक्त कॉम्प्युटरसाठी वेगळा नंबर काढून देतात.

उरलेले पैसे इथे घाला: मॉनिटरच्या पाठीवर १०० किंवा ७५ मिलिमीटर अंतरावर चार भोकं असतील तर पुढे-मागे आणि वर-खाली होणारा भिंतीचा ब्रॅकेट बसवा. स्टँड टेबलाची जागा खातो. ब्रॅकेटवर स्क्रीन भिंतीला टेकते, डोळ्यापासून वीतभर लांब जाते आणि खाली वह्या ठेवायला जागा होते.

मिरज-जंक्शन
यार्डातल्या दुकानांसाठी अजून एक. हळदीची बारीक धूळ स्क्रीनवर बसते. बंद करून कोरड्या मऊ मायक्रोफायबर कापडाने हलक्या हाताने पुसा. डाग असेल तर कापड साध्या पाण्याने जरासं ओलं करा, पाणी स्क्रीनवर फवारू नका. काच पुसायचे स्प्रे तर अजिबात नकोत, त्यांनी वरचा मॅट थर खराब होतो. आणि अर्थिंग तपासून घ्या. मॉनिटरला वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही, पण सीपीयूच्या यूपीएसवरच दोन्ही मॉनिटर लावा. असे एलईडी मॉनिटर साधारण २०-२५ वॅटच घेतात, यूपीएसला फारसं जड जात नाही.

बेदाणा-हिशेब
रेंज "फुल" केली, काळा आता काळा दिसतो. भोकं १०० मिलिमीटरची आहेत, ब्रॅकेट रविवारी बसवतो. एकच राहिलं: जुना मॉनिटर डावीकडे आहे, पण माऊस उजवीकडे नेला की तिकडे जातो.

अजिंक्यतारा
डेस्कटॉपवर उजवं बटण, डिस्प्ले सेटिंग्ज. तिथे १ आणि २ असे दोन चौकोन दिसतील. जुन्याचा चौकोन माऊसने ओढून डावीकडे ठेवा, दोन्हींच्या खालच्या कडा जुळवा आणि अप्लाय करा. मग नव्याचा चौकोन निवडून "मेक धिस माय मेन डिस्प्ले" वर टिक करा, म्हणजे टास्कबार नव्यावर येईल.