मस्जिदीचा चंदा, किटचे फोटो आणि रिया (दिखावा): नेमकं करावं काय?

पुसदकर
अस्सलामु अलैकुम. गाव लहान, मस्जिद एकच. जुम्म्याला माइकवर चंदा देणाऱ्यांची नावं वाचतात आणि रमजानात धान्य-किराण्याची किट वाटली की घेणाऱ्यांचे फोटो ग्रुपवर टाकतात. "माझं नाव घेऊ नका" म्हटलं तर त्याचंच कौतुक होतं, म्हणजे तोही दिखावाच. नमाजेचंही तेच. मागं कोणी येऊन उभं राहिलं की सजदा आपोआप लांबतो. मग नफिल (ऐच्छिक नमाज) पढणंच सोडावं का? आणि नावासाठी दिलेली जकात (बंधनकारक दान) पुन्हा द्यावी लागते का?

मकतबवाला
वालेकुम सलाम. जकातीचं आधी सांगतो. हनफी पंथाच्या मसल्याप्रमाणे (नियमाप्रमाणे) रक्कम बाजूला काढताना किंवा हातात देताना जकातीची नियत असेल तर फर्ज उतरला, पुन्हा देणं नाही. दिखाव्यानं जातो तो सवाब (पुण्य). पण नुसतंच वाटून टाकलं नि मागाहून "चला, ही जकात धरू" म्हटलं, तर ते पैसे घेणाऱ्याजवळ शिल्लक असेपर्यंतच चालतं. त्यानं खर्च केले तर मग चालत नाही.

आता सजदा. कोणी पाहतंय म्हणून नमाज सजवणं, हेच उदाहरण इब्ने माजा या हदीससंग्रहातल्या हदीसेत छुप्या शिर्काचं (अल्लाहसोबत दुसऱ्याला भागीदार करण्याचं) म्हणून आलं आहे. तुमच्या सजद्यात रोज तीन तसबीह (अल्लाहच्या स्तुतीचे बोल) होत असतील तर तीनच ठेवा. माणूस आला म्हणून पाच नको, आणि रियाच्या धास्तीनं उरकायचंही नाही. पाच म्हणायच्या तर घरी म्हणा. सुन्नत-नफिल तशाही घरी अफजल (जास्त चांगल्या) आहेत. सुरुवात अल्लाहसाठी झाली आणि मधेच खयाल आला, तर धरली जाते ती सुरुवातीची नियत, नमाज तोडू नका. सोडून मात्र देऊ नका. लोकांसाठी अमल करणं शिर्क आणि लोकांसाठी सोडणं रिया, असं जुने सूफी बुजुर्ग फुजैल बिन इयाज यांचं म्हणणं आहे. "लोक म्हणतील मोठा नमाजी झाला" म्हणून जमातची (एकत्र) नमाज चुकवणारी पोरं यातच येतात.

वऱ्हाडी_माणूस
भाऊ, नावं घेनं एकदम बंद केलं त चंदा आटते, हे बी पाहा. मुस्लिम शरीफ या हदीसच्या किताबामंदी हाये ना, मुजर कबिल्याचे लोक अंगावर धड कपडे नसलेले पैगंबरायकडे आले. एक अन्सारी (मदिनेचा मानूस) हाताले पेलवत नाही एवढी थैली घेऊन आला, मंग बाकीच्यायनं ढीग लावला. चांगला पायंडा पाडणाऱ्याले मागच्यायचा बी सवाब, हे तेव्हाच सांगितलं गेलं. कुरआनच्या सूरे बकरा 271 मंदी बी उघड देनं चांगलंच म्हटलं हाये, लपवून गरिबाले देनं त्याहून चांगलं. म्हनून मस्जिदीच्या स्लॅबचा चंदा खुशाल उघड घ्या, पन रक्कम वाचू नका. रक्कम वाचली की 500 वाला घरीच बसते, अन् 5000 वाला पुढच्या साली पहिलं नाव आपलंच पाह्यजे म्हनून भांडते. तुरीचे पैसे हातात आले की हा तमाशा ठरलेला.

मकतबवाला
चंद्यापुरतं पटलं. घेणाऱ्याचा फोटो त्यात बसत नाही. उपकार बोलून दाखवू नका, दुखवू नका, नाहीतर सदका (दान) वाया जातो, हे त्याच सूरेत 264 मध्ये आहे. फोटो बंद करून भागत नाही, पिशवीही बदला. देणाऱ्याचं नाव छापलेली एकसारखी पिवळी पिशवी गल्लीतून गेली की कोणाच्या घरी काय गेलं ते सगळ्या गावाला कळतं. गहू, तेल, डाळ, शेवया किराणा दुकानाच्या साध्या पिशवीत जाऊ द्या, इशाच्या (रात्रीच्या) नमाजेनंतर. हिशेबासाठी फोटो लागतो हे कमिटीचं कारण लटकं आहे. पावतीवर आणि स्थळप्रतीवर क्रमांक, रक्कम आणि नावाच्या जागी "एक बंदा" लिहा. घेणाऱ्यांची यादी खजिनदार आणि आणखी एकानं तपासून सही करावी, आणि ती कपाटात राहावी.

घेणाऱ्याला "ही जकात आहे" असं सांगणंही जरुरी नाही. ईदी म्हणा, पोरांच्या फीसाठी म्हणा, नियत तुमची पुरते.

गुपचूप देण्याच्या भरात एक चूक मात्र फार होते. एखाद्याची कृषी केंद्रातली बियाण्या-खताची उधारी परस्पर भरून टाकतात. त्याला न विचारता भरली तर ती जकात होत नाही, कारण त्याला रकमेचा मालक केलंच नाही. नफिल सदका होईल.

पुसदकर
विचारलं की कोण देतोय ते त्याला कळणारच ना?

मकतबवाला
तुम्ही विचारूच नका. रक्कम जकातीच्या नियतीनं इमाम साहेबांकडे द्या. ते त्याला म्हणतील, "एक जण तुमची उधारी भरतोय, इजाजत आहे का?" त्यानं हो म्हटल्यावरच दुकानदाराकडे पैसे जावेत. नाहीतर रोख त्याच्याच हातात ठेवावी, तो उधारी भरो की पोरीला कपडे घेवो. आणि इमाम साहेबांना हे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवायला सांगा. मस्जिदीच्या डब्यात मिसळले की सिमेंटला जातात, आणि बांधकामाला जकात चालत नाही.

वऱ्हाडी_माणूस
पाकिटावर "जकात" लिहा बावा, देणाऱ्याचं नाव नको.