क्योतोचं मांगा म्युझियम: कॉमिक्स न वाचणाऱ्यांनी जावं का?

भटकीअनु: एप्रिलमध्ये जपानला जातोय, सोबत आईबाबा आणि लेक. लेकाला क्योतोत मांगा म्युझियमच हवंय. बाबा रिटायर्ड मुख्याध्यापक, त्यांना कॉमिक्समध्ये काडीचा रस नाही, पण ते म्युझियम जुन्या शाळेत आहे असं कळलं. शाळा म्हणून काही शिल्लक आहे का आत, की सगळं चकाचक करून टाकलंय?

सदाशिवपेठी: नक्की न्या बाबांना! तात्सुइके प्राथमिक शाळा होती ती, 1995 ला बंद झाली आणि 2006 मध्ये म्युझियम झालं. लाकडी जमीन अजून करकरते, मुख्याध्यापकांची खोली जपून ठेवलीय, तिथून बाबा लवकर हलणार नाहीत बघा. बाकी भिंतीभर मांगा, जवळजवळ 50 हजार, हवं ते काढायचं आणि बाहेर मैदानावर लोळत वाचायचं. इंग्रजी पुस्तकंही आहेत, थोडी कमी.

रेवा_ओसाका: बाबांना यामागची गोष्ट आधी सांगून ठेव, फार आवडेल. 1869 ला राजधानी तोक्योला गेली, आता आपलं शहर बसणार या धास्तीने क्योतोच्या लोकांनी त्याच वर्षात आळीआळीने मिळून 64 शाळा काढल्या, देशात शिक्षणाचा कायदा यायच्याही आधी. आणि वर्गणी कशी, तर दर चुलीमागे, घरात पोर असो नसो! शाळेतच आळीच्या बैठका व्हायच्या, आगीवर नजर ठेवायला टेहळणीचा मनोराही तिथेच. पुढे शहराच्या मध्यात मुलंच उरली नाहीत म्हणून शाळा एकत्र कराव्या लागल्या, पण इमारती लोकांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या, त्यामुळे पुढे काय करायचं हे ठरवताना आळीला विचारावं लागतं. मला तरी हेच सगळ्यात मोठं वाटतं, नाहीतर इतक्या मोक्याच्या जागा कधीच बिल्डरकडे गेल्या असत्या.

भटकीअनु: दर चुलीमागे!! हे बाबांना आजच सांगते. अशी अजून एखादी शाळा आहे का जवळपास?

सदाशिवपेठी: मेइरिन, चालत जाता येईल. 1931 ची इमारत, किमोनोच्या व्यापाऱ्यांनी पैसे घातलेले त्यामुळे काम एकदम देखणं. 2000 पासून क्योतो आर्ट सेंटर आहे, वर्गांमध्ये कलाकारांचे स्टुडिओ. 78 तातामींचा (गवती चटयांचा, तिथे खोली किती मोठी ते चटयांवर मोजतात) हॉल आहे, तो उघडा असेल तर सोडू नका. वर जायला जिन्याबरोबर उतरणीचा रस्ताही आहे, आईंचे गुडघे दुखत असतील तर बरं पडेल. आत जायला तिकीट नाही, आणि कॉफी एका जुन्या वर्गातच मिळते.